चागोसचा निवाडा : समुद्र मिळाला, माणसांचे काय?

इल्फर्ड : 'बळी तो कान पिळी' अशी आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे. देशादेशांच्या व्यवहारात ती पदोपदी खरी ठरताना दिसते. ज्याच्याजवळ आरमार मोठे, त्याची हद्द मोठी, असाच जगाचा रिवाज आजवर चालत आला. परंतु आपल्या मॉरिशसने या म्हणीला एक अपवाद दाखवून दिला आहे. ज्या देशाला स्वतःचे सैन्य नाही, त्याने चागोस बेटांच्या प्रश्नावर ब्रिटनसारख्या बलाढ्य देशाला पंचांपुढे उभे केले आणि बाजू मांडून यश मिळविले. हे कसे घडले, हे प्रत्येक मॉरिशसवासीयाने समजून घेण्यासारखे आहे. आणि या यशात काय राहून गेले, हेही तितकेच समजून घेण्यासारखे आहे.

इल्फर्ड आणि पूर्व लंडनच्या परिसरात आपल्या बेटावरून आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या बोलण्यात हा विषय अलीकडे वारंवार निघतो. कोणी म्हणतो, "आपण जिंकलो." कोणी विचारतो, "जिंकलो तर मग तेथे आपल्याला जाता का येत नाही?" येथे जन्मलेली मुले तर सरळच विचारतात की ही बेटे नक्की कोणाची? या प्रश्नांची उत्तरे क्रमाने पाहू.

१९६५ चा सौदा

चागोस हा हिंदी महासागरातील लहानमोठ्या ५८ बेटांचा समूह आहे. तो पोर्ट लुईपासून ईशान्येला सुमारे २,२०० किलोमीटरवर आहे. त्यांतील सर्वांत मोठे बेट म्हणजे दिएगो गार्सिया. १८१४ च्या पॅरिसच्या तहाने मॉरिशस फ्रेंचांकडून ब्रिटिशांकडे गेले, तेव्हा चागोसही त्याच्याबरोबर गेले आणि पुढे दीडशे वर्षे त्याचा कारभार मॉरिशसमधूनच चालला. तेथे नारळाच्या बागा होत्या. आफ्रिकेतून व मादागास्करहून आणलेले गुलाम, आणि पुढे हिंदुस्थानातून नेलेले मजूर, या बागांत राबले. त्यांच्याच वंशजांनी तेथे गावे वसविली, चर्च बांधले, आपल्या माणसांना त्याच मातीत पुरले.

१९६५ च्या सप्टेंबरात लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची वाटाघाट चालू होती. ब्रिटनला अमेरिकेच्या लष्करी तळासाठी चागोस हवे होते. २३ सप्टेंबर रोजी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी सर शिवसागर रामगुलाम यांना भेटीला बोलावले. त्या भेटीसाठी विल्सन यांच्या चिटणिसाने एक टिपण तयार केले होते, ते पुढे उजेडात आले. स्वातंत्र्य मिळेल अशी आशा दाखवायची, आणि चागोसबाबत समजूतदारपणा न दाखविल्यास ते मिळणार नाही असे भय घालायचे, असा त्याचा आशय होता. अशा परिस्थितीत जी संमती मिळाली तिला संमती म्हणावे काय, हाच पुढे पन्नास वर्षांच्या वादाचा गाभा ठरला.

मॉरिशसला तीस लाख पौंड देण्याचे ठरले. शिवाय काही वचने देण्यात आली. मासेमारीचा हक्क शक्य तेथवर राहील, खनिज वा तेल सापडल्यास त्याचा लाभ मॉरिशसचा असेल, आणि संरक्षणासाठी गरज संपली की बेटे परत केली जातील, अशी ती वचने होती. पुढे याच वचनांनी पंचांपुढे मोठे काम केले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी बेटे तोडून एक नवी वसाहत निर्माण करण्यात आली. १६ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मॉरिशसचे तुकडे करू नयेत असा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. १२ मार्च १९६८ ला आपला चौरंगी झेंडा फडकला, तो चागोसवाचूनच.

पंचांकडे जाण्याची वाट

देश तर स्वतंत्र झाला, पण दाद मागायची कोठे? हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावे, असे कोणालाही वाटेल. परंतु तेथे खटला चालण्यासाठी दोन्ही पक्षांची संमती लागते. ब्रिटनने राष्ट्रकुलातील देशांबरोबरचे वाद त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते. २००४ मध्ये मॉरिशसने राष्ट्रकुल सोडून खटला भरण्याची भाषा केली, तेव्हा ब्रिटनने आपल्या अटीत बदल करून राष्ट्रकुलाच्या माजी सभासदांनाही तीच बंदी लागू केली. दार असे बंद झाले.

पण एक दुसरे दार उघडे होते. १९८२ मध्ये मान्य झालेला आणि १९९४ पासून अमलात आलेला समुद्र कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार हे ते दार. या कराराने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र किनाऱ्याच्या देशाचा, आणि २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर व खनिजांवर त्याचा आर्थिक हक्क, अशी मोजणी ठरवून दिली. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. यावरून ध्यानात येईल की समुद्रातले चिमुकले बेटसुद्धा आपल्याभोवती केवढे मोठे पाणी मिळवून देते. या करारात आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. करारावर सही करणाऱ्या देशाला, काही ठरावीक विषय सोडले तर, वाद झाल्यास पंचांपुढे यावेच लागते.

हे पंच म्हणजे आपल्या गावच्या पंचांसारखेच, फरक इतकाच की ते कायद्याचे जाणकार असतात. एकूण पाच पंच. एक वादी नेमतो, एक प्रतिवादी नेमतो, उरलेले तिघे दोघांच्या सहमतीने. सहमती न झाल्यास हांबुर्ग येथील समुद्र कायदा न्यायाधिकरणाचे अध्यक्ष त्यांची नेमणूक करतात. अशा मंडळाला लवाद म्हणतात. लवादाचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो.

१ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनने चागोसभोवतीचा प्रचंड समुद्र संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि तेथील व्यापारी मासेमारी बंद केली. मासे आणि प्रवाळ वाचविण्याच्या हेतूला कोण नावे ठेवील? परंतु मासेमारीचा हक्क देऊ म्हणून १९६५ मध्ये ज्याला वचन दिले, त्या मॉरिशसला धड विचारलेही नव्हते. मॉरिशसने हीच संधी साधली. २० डिसेंबर २०१० रोजी त्याने ब्रिटनला लवादापुढे खेचले. २०१४ च्या वसंतात तुर्कस्तानातील इस्तंबूल शहरात सुनावणी झाली आणि १८ मार्च २०१५ रोजी निवाडा आला.

बेटे कोणाची, या प्रश्नावर पाचांपैकी तीन पंचांनी सांगितले की समुद्र कायद्याच्या लवादाला जमिनीच्या मालकीचा निर्णय देण्याचा अधिकार नाही. दोघा पंचांचे मत उलट पडले. म्हणजे मुख्य प्रश्न हुकला. पण संरक्षित क्षेत्राबाबत पाचही पंच एकमुखाने म्हणाले की ब्रिटनने करार मोडला आहे. आणि १९६५ ची ती वचने केवळ तोंडची नव्हेत, ती १९६८ पासून ब्रिटनवर कायद्याने बंधनकारक आहेत. ज्या कागदाला पन्नास वर्षे कोणी मोजत नव्हते, त्याला पंचांनी वजन दिले. लहान देशाने कागद जपून ठेवावेत, ते असे कामाला येतात.

हेग आणि हांबुर्ग

अर्धा विजय हाती आल्यावर मॉरिशसने तिसरी वाट धरली. खटला भरता येत नसेल तर आमसभेमार्फत न्यायालयाचे मत तरी मागता येते. २२ जून २०१७ रोजी आमसभेने ९४ विरुद्ध १५ मतांनी तसा ठराव केला. सप्टेंबर २०१८ मध्ये हेगला सुनावणी झाली. सर अनिरुद्ध जगन्नाथ यांनी स्वतः उभे राहून मॉरिशसची बाजू मांडली. १९६५ च्या लँकेस्टर हाऊसच्या शिष्टमंडळात ते तरुण सभासद होते. त्रेपन्न वर्षांनंतर त्याच प्रकरणाची साक्ष देणारे त्या शिष्टमंडळातील ते एकटेच उरले होते.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ अशा मताने सांगितले की चागोस तोडल्यामुळे मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झालेली नाही, आणि ब्रिटनने तेथील कारभार शक्य तितक्या लवकर संपवावा. त्याच वर्षी २२ मे रोजी आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी ब्रिटनला सहा महिन्यांची मुदत दिली. ब्रिटनने, हे केवळ सल्लावजा मत आहे, असे म्हणून मुदत जाऊ दिली.

विरोधात मत देणाऱ्या त्या सहा देशांत आपला शेजारी मालदीवही होता, आणि याला कारण होते. चागोस आणि मालदीव यांच्यामध्ये सुमारे ५०० किलोमीटर पाणी आहे. दोघांचे २०० मैल मोजले तर ते एकमेकांवर येतात. चागोस मॉरिशसचे ठरले की मालदीवला मॉरिशसबरोबर समुद्राची वाटणी करावी लागणार. मॉरिशसने २०१९ मध्येच हा वाद उभा केला. दोघांच्या संमतीने तो हांबुर्ग येथील न्यायाधिकरणाच्या विशेष खंडपीठाकडे गेला. मालदीवचे म्हणणे होते की ब्रिटनचा दावा कायम असताना मॉरिशसबरोबर वाटणी कशी होणार? २८ जानेवारी २०२१ रोजी खंडपीठाने हा आक्षेप फेटाळला. हेगच्या मताला कायद्याचे मोल आहे आणि चागोसवर मॉरिशसचेच सार्वभौमत्व आहे, असे धरूनच आपण पुढे जाणार, असे त्याने सांगितले. जो प्रश्न २०१५ च्या पंचांनी हाती घेतला नव्हता, त्याचे उत्तर असे शेजाऱ्याबरोबरच्या वाटणीतून मिळाले.

२८ एप्रिल २०२३ रोजी प्रत्यक्ष वाटणी झाली. रीत सोपी असते. दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर मधली रेघ काढायची, ती कोणावर अन्याय करते काय ते पाहायचे, गरज पडल्यास थोडी सरकवायची. त्याप्रमाणे एकमेकांवर आलेल्या पाण्यापैकी सुमारे ४५,३३१ चौरस किलोमीटर मॉरिशसकडे आणि ४७,२३२ चौरस किलोमीटर मालदीवकडे आले. २०० मैलांपलीकडच्या समुद्रतळावर मॉरिशसने सांगितलेला जादा हक्क मात्र मान्य झाला नाही. दोघा शेजाऱ्यांना काही मिळाले, काही सोडावे लागले. एकही गोळी सुटली नाही.

भारताचेही एक उदाहरण येथे आठवते. बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेश यांचा असाच वाद होता. ७ जुलै २०१४ रोजी लवादाने वादातील २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला दिले. भारत कितीतरी मोठा देश, तरी त्याने निवाडा मानला. उलट १२ जुलै २०१६ रोजी दक्षिण चिनी समुद्राबाबत फिलिपीन्सच्या बाजूने निवाडा झाला, तो चीनने साफ झिडकारला. लवादाजवळ पोलीस नसतात, हे यावरून दिसते. निवाडा मानणे हे शेवटी मोठ्याच्या सद्बुद्धीवर, आणि चार देशांत नाव खराब होण्याच्या भीतीवर अवलंबून राहते.

ज्यांना कोणी विचारले नाही

येथवरची हकीगत वाचून छाती फुगते, आणि फुगावीच. परंतु या सर्व दरबारांत उभे राहण्याचा अधिकार फक्त देशांना आहे. चागोसच्या माणसांना नाही.

१९६८ ते १९७३ या काळात चागोसचे दीड ते दोन हजार रहिवासी बेटांवरून काढले गेले. जे उपचारासाठी वा सुटीसाठी मॉरिशसला आले होते, त्यांना परतीच्या जहाजात जागा नाकारली गेली. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामे झाले. १९७३ मध्ये पेरोस बान्होसची शेवटची माणसे हलविली गेली. त्या जहाजात वीस वर्षांची लिझबी एलिझे ही गरोदर स्त्री होती. मॉरिशसला पोहोचल्यावर तिने आपले मूल गमावले. २०१८ मध्ये तिने आपल्या क्रिओल भाषेत ही हकीगत सांगितली आणि हेगच्या न्यायाधीशांना ती पडद्यावर दाखविण्यात आली. इतके कायदेपंडित बोलले, पण त्या अशिक्षित बाईचे चार शब्द साऱ्या जगाने लक्षात ठेवले.

मॉरिशसमध्ये या लोकांचे स्वागत कसे झाले? येथे आपणही जरा मान खाली घालावी. पोर्ट लुईच्या कासी आणि रोश ब्वा भागांतील झोपड्यांत त्यांनी दिवस काढले. ब्रिटनने पुनर्वसनासाठी दिलेले साडेसहा लाख पौंड त्यांच्या हाती पडायला कितीतरी वर्षे गेली. नारळ सोलण्यात तरबेज असलेल्या हातांना उसाच्या बेटावर काम नव्हते. त्यांना 'इलुआ' म्हणून हिणविणारे आपल्यातलेच होते.

वाचक बंधु-भगिनींनो, आपले पूर्वज रत्नागिरी-सावंतवाडीकडून मुंबई बंदरात आले आणि तेथून गलबतात बसून मॉरिशसला गेले. कोठे चाललो आहोत हे पुष्कळांना ठाऊक नव्हते. पण त्यांनी मागे ठेवलेले गाव जागेवर होते. परत जाण्याची इच्छा तरी त्यांना धरता येत होती. चागोसच्या लोकांचे गावच काढून घेतले गेले. जहाजातून नेलेल्या माणसांचे दुःख आपल्याहून जास्त कोणाला कळावे?

या लोकांनी ब्रिटनच्या न्यायालयांत आपला लढा वेगळा चालविला. ऑलिव्हिए बँकूल यांच्या अर्जावर २००० मध्ये लंडनच्या हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. २००४ मध्ये सरकारने राणीच्या नावाने हुकूम काढून तो निष्फळ केला आणि २००८ मध्ये लॉर्ड्सच्या न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारचा हुकूम कायम केला.

२००२ च्या कायद्याने अनेकांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले, तेव्हा ते गॅटविक विमानतळावर उतरले आणि जवळच्या क्रॉली गावात स्थायिक झाले. इल्फर्डहून एलिझाबेथ लाईनने फॅरिंग्डनला जाऊन गाडी बदलली की थ्री ब्रिजेस स्टेशन येते, तेच क्रॉली. इतक्या जवळ राहूनही आपल्यापैकी कितीजण तेथे गेले आहेत?

२०२५ चा करार

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्या पंतप्रधानांनी करारावर सह्या केल्या. ज्या रामगुलामांना १९६५ मध्ये भय दाखविले गेले, त्यांचेच पुत्र नवीनचंद्र रामगुलाम यांची सही त्यावर आहे. कराराप्रमाणे चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसचे. दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनच्या हाती, आणि त्यासाठी वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड मोबदला. चागोसच्या लोकांसाठी चार कोटी पौंडांचा निधी. दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर मॉरिशसला वस्ती करता येईल. हा करार सह्यांच्या दिवशीच लागू होणारा नव्हता, दोन्ही देशांच्या मान्यतेनंतरच तो लागू व्हावा अशी अट त्यात आहे.

त्याच दिवशी पहाटे लंडनच्या हायकोर्टाने सह्यांना तात्पुरती मनाई केली होती. अर्ज कोणाचा होता? दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रियांचा. आमच्या घराबद्दल आम्हाला न विचारता हे ठरते आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुपारपर्यंत मनाई उठली आणि सह्या झाल्या. चागोसवासीयांत याबद्दल एकमत नाही. बँकूल यांच्यासारखे काही कराराला अनुकूल आहेत. क्रॉलीतील पुष्कळांचा त्याला विरोध आहे.

आपण इल्फर्डमध्ये राहणारे मॉरिशसचे लोक यात दोन्हीकडचे आहोत. कर आपण ब्रिटनच्या तिजोरीत भरतो, आणि भाड्याचा लाभ व्हायचा तो आपल्याच बेटाला. म्हणून हा विषय परका समजून चालणार नाही. मॉरिशसने कायद्याच्या बळावर आपला समुद्र मागितला आणि त्याचा अभिमान आपण जरूर बाळगू. पण १९६५ मध्ये लंडनने पोर्ट लुईला नीट न विचारता ठरविले म्हणून आपण पन्नास वर्षे भांडलो. आता पोर्ट लुईने चागोसच्या माणसांना न विचारता काही ठरविले, तर त्या भांडणाचा अर्थ काय राहील? कोणत्या बेटावर कोण आधी जाणार, घरे कोण बांधणार, निधी कोणाच्या हाती राहणार, हे ठरविताना त्यांचे प्रतिनिधी बरोबरीने बसले पाहिजेत. ही मागणी आपण मॉरिशसवासीयांनीच केली पाहिजे, कारण लवादापुढे त्यांना ती करता येत नाही.

तोवर एक लहानसे काम प्रत्येक घराला करता येईल. १९७३ च्या सुमारास पोर्ट लुईच्या धक्क्यावर ती माणसे उतरताना ज्यांनी पाहिली, असे आजी-आजोबा आपल्या कुटुंबांत अजून आहेत. त्यांना विचारावे, ते सांगतील तसे तारीख-वारासह लिहून घ्यावे. १९६५ चे कागद जपून ठेवले होते म्हणूनच २०१५ मध्ये पंचांना ते वाचता आले.